हृदयतालदोषांचे ईसीजी-वाचन : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्टा

हृदयाच्या विद्युत् क्रियेचा कागदावर उमटलेला आलेख (विद्युत् हृल्लेख, रूढ नाव ईसीजी) पाहून ठोक्यांची गती, नियमितता आणि उगम यांतील बिघाड ओळखण्याचे कौशल्य. हे कौशल्य कसे शिकले जाते, याचा विचार प्रस्तुत नोंदीत पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड आणि चाकण औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात केला आहे. या पट्ट्यात रुग्णाची पहिली ईसीजी-पट्टी सहसा हृद्रोगतज्ज्ञाच्या हाती पडत नाही. कारखान्याच्या आरोग्य केंद्रातला डॉक्टर, पाळीवरची परिचारिका, ईसीजी तंत्रज्ञ किंवा १०८ रुग्णवाहिकेतला डॉक्टर ती आधी पाहतो. म्हणून येथे दुर्मीळ तालदोषांच्या नावांपेक्षा स्वच्छ पट्टी काढणे, ठरलेल्या क्रमाने वाचणे आणि जुन्या पट्टीशी ताडून पाहणे यांना अधिक महत्त्व दिले आहे.

पूर्वपीठिका : माणसाच्या हृदयाचा पहिला विद्युत् आलेख ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ मध्ये लंडनमध्ये नोंदवला. लायडन येथील व्हिलेम आइंटहोव्हेन यांनी तार-गॅल्व्हानोमीटर वापरून विसाव्या शतकाच्या आरंभी हे तंत्र उपयोगात आणले. पी, क्यू, आर, एस, टी ही तरंगनामे त्यांचीच. त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तालदोषांच्या अभ्यासाचा पाया टॉमस लुइस यांनी घातला. छातीवरील लीडच्या (विद्युत् जोडण्यांच्या) जागा १९३८ मध्ये प्रमाणित झाल्या आणि १९४२ मध्ये गोल्डबर्गर यांच्या लीडची भर पडून आजचा बारा लीडचा संच पूर्ण झाला. वेंकेबाख यांनी आपल्या नावाचा अवरोध १८९९ मध्ये, म्हणजे ईसीजी रुळण्यापूर्वी, नाडीच्या आलेखावरूनच ओळखला होता. नाडीवर बोट न ठेवता पट्टी वाचायला बसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पट्टा आणि त्यातील संस्था : पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी औषधनिर्मितीचा कारखाना स्थापन झाला. पुढे टेल्को (आजची टाटा मोटर्स), आकुर्डीत बजाज आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे असंख्य लघुउद्योग आले. पिंपरी-चिंचवड महानगरपालिका १९८२ मध्ये अस्तित्वात आली. चाकणची वाढ नंतरची असून ती मुख्यतः वाहन उद्योगाची आहे. संत तुकारामनगर येथील महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय (बोलीत ‘वायसीएम’) व त्याची पदव्युत्तर संस्था, पिंपरीतील डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय, तळेगाव दाभाडे येथील मायमर वैद्यकीय महाविद्यालय, मोहननगर (चिंचवड) येथील कामगार विमा रुग्णालय आणि चाकणचे ग्रामीण रुग्णालय या ठिकाणी वेगवेगळ्या पातळीवर ईसीजी काढला, वाचला आणि शिकवला जातो.

कारखान्यांतील तपासणीला कायद्याची पार्श्वभूमी आहे. भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने, कारखाने अधिनियम १९४८ मध्ये कलम ४१-सी आले. धोकादायक प्रक्रियांतील कामगाराची कामावर घेण्यापूर्वी आणि नंतर जास्तीत जास्त बारा महिन्यांच्या अंतराने वैद्यकीय तपासणी त्याने बंधनकारक केली. ईसीजीचे नाव त्या कलमात नाही. तो वार्षिक तपासणीच्या पॅकेजमधून आला आणि टिकला.

पट्टी काढणे : शिक्षणाची सुरुवात येथून होते आणि बरेचदा येथेच फसते. कागदाचा वेग सेकंदाला २५ मिमी व उंची १ मिलिव्होल्टला १० मिमी असावी. लहान चौकोन ०.०४ सेकंदाचा, मोठा ०.२ सेकंदाचा. भारतात प्रचलित रंगसंकेतानुसार उजव्या हाताला लाल, डाव्या हाताला पिवळी, डाव्या पायाला हिरवी आणि उजव्या पायाला काळी वायर लागते. लाल-पिवळीची अदलाबदल झाली की पहिल्या लीडमधले तरंग उलटे पडतात आणि नेहमी खाली असणारा एव्हीआर वर येतो. तसे दिसल्यास आधी वायर तपासाव्यात, निदान नंतर. व्ही१ आणि व्ही२ चौथ्या बरगडी-अंतरात लावायचे असतात. घाईत ते वर सरकतात आणि आर तरंग बारीक होऊन जुन्या हृदयविकाराच्या झटक्याचा खोटा संशय निर्माण होतो.

कारखान्याच्या आवारातील केंद्रात वेगळी अडचण असते. शेजारी वेल्डिंगचा संच किंवा कॉम्प्रेसर चालू असेल आणि अर्थिंग नीट नसेल, तर ५० हर्ट्झची बारीक, एकसारखी दाट थरथर संपूर्ण पट्टीवर उमटते. तीत पी तरंग बुडाले की शिकाऊ वाचक ‘एएफ’ (अलिंदाचे अनियमित स्फुरण) लिहून मोकळा होतो. यंत्राचा ५० हर्ट्झचा फिल्टर ही थरथर काढतो. मात्र ४० हर्ट्झचा स्नायू-फिल्टर लावल्यास क्यूआरएसची उंची घटू शकते. वातानुकूलित खोलीत, घामेजल्या कपड्यांनिशी थेट शॉपफ्लोअरवरून आलेला कामगार कुडकुडतो. ती थरथर वेगळी. चादर दिली की बहुधा जाते. कंपवातातील हाताचा कंप मात्र सेकंदाला ४ ते ६ वेळा होतो आणि फ्लटर (अलिंदाचा जलद, नियमित ताल) किंवा व्हीटीची (निलयातून येणाऱ्या जलद तालाची) हुबेहूब नक्कल करू शकतो. अशा वेळी या ‘तालदोषा’तही मूळ क्यूआरएस आपल्या अंतराने चालत राहिलेले दिसतात आणि नाडी शांत असते.

वाचनाचा क्रम : गती, नियमितता, पी तरंग, पी व क्यूआरएसचे नाते, क्यूआरएसची रुंदी, शेवटी क्यूटी. ताल नियमित असल्यास ३०० भागिले दोन आर-मधील मोठे चौकोन म्हणजे गती. अनियमित असल्यास दहा सेकंदांच्या पट्टीतील ठोके मोजून सहाने गुणावेत. पीआर अंतर ०.१२ ते ०.२० सेकंद, क्यूआरएस ०.१२ हून कमी. दुसरा लीड आणि व्ही१ हे तालासाठी सर्वांत उपयोगी. डिव्हायडर हाताशी नसेल तर कोऱ्या कागदाच्या कडेवर तीन आर तरंगांच्या खुणा करून कागद पुढे सरकवावा. ‘अनियमित’ दिसणारा ताल पुष्कळदा यानेच नियमित ठरतो, किंवा उलट. पीआर हळूहळू वाढत जाऊन एक ठोका गळणे हा वेंकेबाख. पीआर स्थिर असताना अचानक ठोका गळणे हा मोबिट्झ दोन, आणि तो धोक्याचा. पी आणि क्यूआरएस आपापल्या लयीत, एकमेकांशी संबंध न ठेवता चालत असतील तर संपूर्ण अवरोध. अलिंदाच्या फ्लटरमध्ये दुसऱ्या लीडमध्ये करवतीचे दाते दिसतात आणि ठोके बहुधा मिनिटाला १५० च्या आसपास असतात. म्हणून नेमकी १५० ची नियमित गती दिसली की फ्लटर शोधावा, असे शिकवले जाते.

रुंद क्यूआरएसची जलद गती ही शिकणाऱ्याची खरी परीक्षा. ती निलयातून आली (व्हीटी) की वरून, हे ठरवण्याचे १९९१ चे ब्रुगाडा निकष व त्यानंतरचे इतर निकष यांच्या अचूकतेविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. व्यवहारात नियम साधा आहे : सिद्ध होईपर्यंत ती व्हीटीच समजावी, आणि रक्तदाब ढासळला असेल तर निकष मोजत न बसता विद्युत् झटका द्यावा. निलयांतील एकेकटे जादा ठोके औषधाने दाबण्याची एकेकाळची सवय कास्ट या अमेरिकी चाचणीने मोडली. हृदयविकाराच्या झटक्यानंतर दिलेल्या एन्केनाइड व फ्लेकेनाइड या औषधांनी पट्टी सुधारली, पण मृत्यू वाढल्याचे १९८९ मध्ये आढळले.

निरोगी कामगारांचे आलेख : वार्षिक तपासणीत पंचविशी-तिशीतल्या कामगारांच्या पट्ट्यांचे गठ्ठे समोर येतात. श्वासाबरोबर बदलणारा सायनस (हृदयाचा नैसर्गिक) ताल, मिनिटाला पन्नास ते साठची गती, उजव्या शाखेचा अपूर्ण अवरोध, लवकर वर उचललेला एसटी यांतील बरेचसे या वयात निरुपद्रवी असते. प्रस्तुत संकलकाच्या मते हीच या पट्ट्यातील सर्वांत चांगली, तरीही दुर्लक्षित शाळा आहे. ज्याने शेकडो निरोगी पट्ट्या पाहिल्या नाहीत त्याला आजारी पट्टी ओळखता येत नाही. लक्षणे नसलेल्या, कमी जोखमीच्या प्रौढांचा ईसीजी मुळात काढावा का, याबाबत एकमत नाही. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०१८ मध्ये त्याविरुद्ध शिफारस केली. आखूड पीआर व डेल्टा तरंग (१९३० मध्ये वर्णिलेला डब्ल्यूपीडब्ल्यू आकृतिबंध) सापडलेल्या क्रेनचालकाला कामावर ठेवावे की नाही, हे प्रकरणपरत्वे ठरते. रात्रपाळी आणि एएफ यांचा संबंध काही निरीक्षणात्मक अभ्यासांत दिसला आहे. कारणसंबंध सिद्ध झालेला नाही.

तालदोषांची कारखान्यातील कारणे : पाठ्यपुस्तकांत ही विखुरलेली असतात, म्हणून येथे विस्ताराने. विजेचा धक्का : घरगुती २३० व्होल्ट किंवा यंत्रावरील ४१५ व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाने निलयांचे स्फुरण (व्हीएफ) होऊन माणूस जागीच कोसळू शकतो, अतिउच्च दाबाच्या धक्क्याने हृदय थांबण्याची शक्यता अधिक. धक्क्यातून वाचलेल्याचा ईसीजी काढतातच. कमी दाबाचा धक्का, शुद्ध हरपलेली नाही आणि पहिली पट्टी निर्दोष, अशा व्यक्तीला उशिरा तालदोष होणे विरळा.

सुटे भाग तेलमुक्त करण्यासाठी वापरलेल्या ट्रायक्लोरोएथिलीनसारख्या क्लोरीनयुक्त द्रावकांची वाफ हृदयस्नायूला ॲड्रेनॅलीनबाबत अतिसंवेदनशील करते. बंद टाकीजवळ काम करणारा कामगार पळताना किंवा घाबरल्यावर अचानक कोसळला, तर याचा विचार करावा आणि ॲड्रेनॅलीन बेताने वापरावे. स्टेनलेस पोलादाच्या पिकलिंगमध्ये येणारे हायड्रोफ्लुओरिक आम्ल त्वचेवर लहानसे दिसले तरी रक्तातील कॅल्शियम ओढून घेते. पट्टीवर एसटी भाग लांबून क्यूटी वाढतो आणि पुढे व्हीएफ होऊ शकते. जखम किती मोठी याला फसू नये. क्यूटी मोजावा आणि कॅल्शियम ग्लुकोनेट तयार ठेवावे. भट्टीजवळील कार्बन मोनॉक्साइड व उष्णोपचारातील सायनाइड क्षारांनीही तालदोष होतात.

ग्रामीण कडा : पट्ट्याला लागून खेड व मावळ तालुक्यांतील गावे असल्याने येथील वाचकाला शेतीभागातली विषेही ठाऊक असावी लागतात. बिट्टीच्या (पिवळ्या कण्हेरीच्या) बियांतील ग्लायकोसाइडे डिगॉक्सिनसारखे काम करतात. गती मंदावते, पीआर लांबतो, सायनसचा ठोका गळतो, संपूर्ण अवरोधापर्यंत मजल जाते. पहिली पट्टी बरी दिसली म्हणून घरी पाठवणे धोक्याचे. ताल तासागणिक बदलतो, म्हणून पट्ट्या पुन्हा पुन्हा काढाव्या लागतात. लाल विंचवाच्या दंशात हृदयावर होणाऱ्या परिणामांवरील काम महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केले. मोठ्या रुग्णालयापासून दूर राहून पूर्वलक्षणांबाबत १९८२ मध्ये आणि प्राझोसिनबाबत १९८६ मध्ये त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

प्रशिक्षण : वैद्यकीय महाविद्यालयांत श्रामरॉथ यांचे पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, हॅम्पटन (१९७३) व डुबिन (१९७०) यांची सोपी पुस्तके परीक्षेच्या तोंडावर वाचली जातात. २००१ च्या अमेरिकी क्षमता-निवेदनात प्राथमिक पात्रतेसाठी देखरेखीखाली किमान ५०० आलेख वाचावेत असे म्हटले आहे. २०२० मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार प्रशिक्षणापूर्वीची मध्यक अचूकता ५४ टक्के, नंतरची ६७ टक्के, हृद्रोगतज्ज्ञांचीदेखील सुमारे ७५ टक्केच. कारखान्याच्या डॉक्टरांसाठी असलेल्या एएफआयएच या औद्योगिक आरोग्याच्या पात्रतेत भर व्यावसायिक आजारांवर असतो, ईसीजीवर नाही. राज्यातील १०८ सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. तिच्या गाड्यांवरील डॉक्टर बहुतांशी आयुर्वेद पदवीधर असून त्यांचे ताल-वाचन प्रत्यक्ष कामातच पक्के होते. त्यांच्या या अनुभवाची दखल वैद्यकीय लेखनात फारशी घेतली गेलेली नाही.

यंत्राचे वाचन : पट्टीच्या माथ्यावर छापून येणारे निदान सायनस तालात बऱ्यापैकी विश्वासार्ह, इतर तालांत कमी. शिकताना ती ओळ अंगठ्याने झाकावी, आपले वाचन लिहावे, मग अंगठा काढावा. शॉपफ्लोअरवर बसवलेले एईडी (आपोआप विद्युत् झटका देणारे) उपकरण ताल स्वतः ओळखते. ते वापरायला ईसीजी यावा लागत नाही. व्हीएफमध्ये छातीदाब न दिल्यास दर मिनिटाच्या विलंबाने वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते, आणि चाकणच्या चौकातील वाहतूक पाहता हा आकडा रुग्णवाहिकेवर सोडून देण्यासारखा नाही.

दूरवाचन : पट्टीचा फोटो मोबाइलवरून तज्ज्ञाला पाठवण्याची रीत सार्वत्रिक आहे. फोटो सरळ वरून घ्यावा, प्रमाणखूण व लीडची नावे कापली जाऊ नयेत, रुग्णाचे नाव झाकावे आणि वय, तक्रार, रक्तदाब शब्दांत लिहावा.

बालके : गती व अंतरे वयानुसार बदलतात; प्रौढांचे निकष लागू नाहीत.

पेसमेकर : उभी बारीक रेघ व तिच्यामागे रुंद क्यूआरएस, नव्या उपकरणांत रेघ दिसेलच असे नाही.

नोंदींचे जतन : ईसीजीचा औष्णिक कागद उन्हाने व उष्णतेने पुसट होतो, प्लास्टिकच्या पाकिटातही खराब होऊ शकतो, म्हणून त्याच दिवशी झेरॉक्स काढून तारीख घालावी. कंत्राटी कामगार कंपनी बदलतो तेव्हा त्याची जुनी पट्टी बहुधा आधीच्या कंपनीच्या कपाटात राहते आणि नवा डॉक्टर जुन्याच शाखा-अवरोधाला नवा समजून त्याला रुग्णालयात धाडतो. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार रुग्णाने मागितल्यास त्याच्या वैद्यकीय नोंदी ७२ तासांत द्याव्या लागतात.