मोबाईलवर चालणारा व्हिडिओ टीव्हीवर का चालत नाही? पेन ड्राइव्हसाठी फाईल बदलण्याची माहिती

जुलै २०२० मध्ये शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही शैक्षणिक मालिका सुरू झाली. ती मराठीत होती. उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी आम्हा अनेक शिक्षकांनी मोबाईल समोर ठेवून स्वतःच धडे रेकॉर्ड केले. ते धडे आजही कामाचे आहेत, पण बरेचसे जुन्या मोबाईलमध्ये किंवा मेमरी कार्डात पडून आहेत. सातपुड्याच्या पायथ्याला जळगाव जामोद, संग्रामपूरकडच्या गावांत रेंज कधी असते, कधी नसते. तिथे इंटरनेटच्या भरवशावर वर्ग चालत नाही. पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला की धडा सुरू, हाच खात्रीचा मार्ग. पण पेन ड्राइव्ह लावल्यावर पुष्कळदा पडद्यावर येतं, 'फाईल सपोर्ट करत नाही'. कधी चित्र दिसतं आणि आवाज गायब, कधी आवाज येतो आणि पडदा काळा.

फाईल खराब झाली असं समजून लोक ती डिलीट करतात. तसं करू नका. बहुतेक वेळा फाईल चांगली असते, फक्त टीव्हीला तिची भाषा कळत नाही.

डबा वेगळा, आतला माल वेगळा

व्हिडिओ फाईल म्हणजे एक डबा समजा. एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय, ३जीपी ही डब्यांची नावं. डब्यात दोन गोष्टी असतात, चित्र आणि आवाज. दोन्ही दाबून लहान केलेल्या असतात. दाबण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. टीव्ही किंवा प्लेअरला ती पद्धत उलगडता आली तरच व्हिडिओ दिसतो.

म्हणून फाईलच्या नावातलं 'एमकेव्ही' खोडून 'एमपी४' लिहिलं तर काही होत नाही. डाळीच्या डब्यावर साखरेची चिठ्ठी लावल्यासारखं ते आहे. बाजारात एके काळी 'एमपी४ प्लेअर' नावाचे छोटे स्वस्त प्लेअर मिळायचे. त्यातले कित्येक प्रत्यक्षात एएमव्ही नावाच्या वेगळ्याच प्रकारच्या फाईली चालवायचे. त्यांच्यासाठी व्हिडिओ आधी बदलून घ्यावा लागे.

आपल्याकडे सापडणाऱ्या फाईली साधारण अशा:

- व्हीसीडी: १९९३ पासूनचा प्रकार. निकाहच्या जुन्या सीडी बहुतेक याच. 'एमपीईजीएव्ही' फोल्डरमध्ये 'डॅट' नावाची फाईल असते. आत एमपीईजी-१ पद्धतीचं चित्र, आकार ३५२ बाय २८८.
- डीव्हीडी: 'व्हीओबी' नावाच्या फाईली. आत एमपीईजी-२, आकार ७२० बाय ५७६.
- जुने बटणवाले मोबाईल: ३जीपी फाईल. चित्र लहान, आवाज एएमआर प्रकारचा, जो टीव्हीला सहसा कळत नाही.
- नवे मोबाईल: एमपी४ किंवा एमओव्ही डबा, पण आत अनेकदा एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५. ही पद्धत २०१३ मध्ये आली. जागा कमी लागते, पण जुन्या टीव्हीला ती उलगडत नाही.

सगळ्यात जास्त ठिकाणी चालणारी जोडी एकच: एमपी४ डबा, चित्र एच.२६४ आणि आवाज एएसी. एच.२६४ ही पद्धत २००३ ची आहे. टीव्ही, टॅब, मोबाईल, प्रोजेक्टर, गाडीतला स्क्रीन, बहुतेक सगळे ती ओळखतात. आपल्याला फाईल याच जोडीत आणायची आहे.

बदलायची कशी

यासाठी हँडब्रेक नावाचं सॉफ्टवेअर आहे. ते मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. हँडब्रेक डॉट एफआर या त्याच्या स्वतःच्या साईटवरूनच घ्या. दुसऱ्या साईटवरून घेतलं तर सोबत व्हायरस येण्याचा धोका असतो.

१. मूळ फाईल आधी कॉम्प्युटरवर कॉपी करा. सीडी, मेमरी कार्ड किंवा पेन ड्राइव्हवरून थेट काम करू नका.

२. हँडब्रेकमध्ये फाईल उघडा. प्रीसेटच्या यादीतून 'फास्ट ७२०पी३०' निवडा. शाळेच्या टीव्हीला एवढं पुरतं.

३. फॉरमॅट 'एमपी४' ठेवा. व्हिडिओच्या भागात 'एच.२६४' आहे ना, ते बघा. तिथेच 'आरएफ' नावाचा आकडा असतो. तो २० ते २३ च्या दरम्यान ठेवा. आकडा लहान तर चित्र चांगलं आणि फाईल मोठी.

४. आवाजात 'एएसी' आणि 'स्टिरिओ' निवडा.

५. आधी फक्त पहिल्या ६० सेकंदांचा नमुना काढा. 'रेंज'मध्ये 'सेकंद' निवडून तसं करता येतं. तो नमुना त्याच टीव्हीवर लावून बघा. चालला तरच पूर्ण फाईल बदला. जुन्या कॉम्प्युटरवर एका फाईलला तासभरही लागू शकतो, म्हणून ही एक मिनिटाची तपासणी फार कामाची.

डीव्हीडीतल्या व्हिडिओत माणूस हलला की कडेला आडव्या रेघा दिसतात. 'फिल्टर'मध्ये जाऊन 'डीइंटरलेस' चालू करा, रेघा जातात. व्हीसीडीची 'डॅट' फाईल हँडब्रेकने घेतली नाही तर व्हीएलसी प्लेअरमध्ये 'कन्व्हर्ट' हा पर्याय आहे, त्याने बदला. एक लक्षात ठेवा, ३५२ बाय २८८ चं चित्र मोठं केल्याने स्पष्ट होत नाही, फाईल मात्र फुगते. आकार आहे तोच राहू द्या.

उर्दू आणि मराठी अक्षरांचं काय?

व्हिडिओखाली लिहिलेल्या ओळी वेगळ्या फाईलमध्ये असल्या की टीव्हीवर गडबड होते. उर्दूची अक्षरं सुटी सुटी दिसतात किंवा नुसते चौकोन येतात. मराठीची जोडाक्षरं तुटतात. यावर उपाय म्हणजे ओळी चित्रातच छापून टाकणं. ओळींची फाईल 'यूटीएफ-८' मध्ये सेव्ह करा, हँडब्रेकच्या 'सबटायटल्स' भागात जोडा आणि 'बर्न इन' वर टिचकी द्या. मग टीव्हीला उर्दू फॉन्ट असो वा नसो, काही फरक पडत नाही. पण छापलेल्या ओळी नंतर काढता येत नाहीत, म्हणून एकदा नीट वाचून घ्या.

फाईलची नावं मात्र इंग्रजी अक्षरांत आणि सुरुवातीला ०१, ०२ असे आकडे देऊन ठेवा. काही टीव्ही उर्दू किंवा मराठी नाव दाखवत नाहीत. आकडे असले की धडे क्रमाने लागतात.

पेन ड्राइव्हचा हिशोब

चित्राला सेकंदाला १,५०० किलोबिट आणि आवाजाला १२८ किलोबिट धरले, तर २० मिनिटांचा धडा साधारण २४४ एमबीचा होतो. म्हणजे ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर सव्वाशे धडे आरामात मावतात. एका इयत्तेचं वर्षभराचं काम एका पेन ड्राइव्हवर!

जुन्या टीव्हीसाठी पेन ड्राइव्ह 'फॅट३२' मध्ये फॉरमॅट केलेला असावा. पण फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसत नाही. लग्नाचा तीन तासांचा व्हिडिओ असेल तर त्याचे दोन-तीन भाग करा. फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं पुसलं जातं, हे विसरू नका.

काही खबरदारी

ऑनलाइन कन्व्हर्टरवर घरचे व्हिडिओ टाकू नका. निकाहच्या व्हिडिओत घरातल्या बायका असतात, शाळेच्या व्हिडिओत मुलांचे चेहरे असतात. अनोळखी साईटवर गेलेली फाईल पुढे कुठे जाते, ते आपल्या हातात राहत नाही. हँडब्रेक आणि व्हीएलसी इंटरनेटशिवाय आपल्याच कॉम्प्युटरवर काम करतात.

व्हॉट्सअॅपवरून व्हिडिओ पाठवायचा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साधा पाठवला तर तो आणखी दाबला जातो आणि फळ्यावरची अक्षरं पुसट होतात. आयफोनवर नवा धडा रेकॉर्ड करणार असाल तर आधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडा. मग एचईव्हीसीची भानगडच राहत नाही.

आणि मूळ फाईल कधीही पुसू नका. प्रत्येक वेळी बदलताना चित्र थोडं उतरतं. बदललेल्या फाईलवरून परत बदललेली फाईल म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. मूळ प्रत एका वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि दुसरी प्रत दुसऱ्या घरी.

सीडीवर ओरखडे पडतात, बुरशी येते आणि ती वाचणारे ड्राइव्हही आता नव्या लॅपटॉपमध्ये मिळत नाहीत. ज्या घरात दादा-दादींचा चालता-बोलता चेहरा फक्त एका जुन्या सीडीत उरला आहे, त्यांनी आधी त्या सीडीची कॉपी करून घ्यावी. फाईल बदलायचं काम सवडीने झालं तरी चालेल. घरी कॉम्प्युटर नसेल तर आपल्या मोहल्ल्यातल्या शाळेच्या मास्तरांना विचारा. सीडी ड्राइव्ह असलेला एखादा जुना डेस्कटॉप शाळेत निघण्याची शक्यता असते.