जालन्याचं मनोरुग्णालय आणि हिंगोलीची वाट

हिंगोलीला 1912 साली रेल्वे आली ती पूर्णा जंक्शनकडून. पूर्णेला गाडी बदलली की परभणीमार्गे जालना गाठता येई, आणि निजामाच्या राज्यातलं मनोरुग्णालय तेव्हा जालन्यालाच होतं. 1953 मध्ये ते हैदराबादेत एर्रागड्ड्याला हलवलं. तीनच वर्षांनी, 1 नोव्हेंबर 1956 रोजी, मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि हैदराबाद परराज्यात गेलं. पुढे महाराष्ट्राकडे ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी ही चार प्रादेशिक मनोरुग्णालयं राहिली; त्यांतलं एकही मराठवाड्यात नव्हतं. 1999 मध्ये परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा ही उणीव घेऊनच जन्माला आला. स्किझोफ्रेनियाचा रुग्ण उशिरा डॉक्टरकडे येतो याचं खापर आपण अंधश्रद्धेवर फोडून मोकळे होतो. मला ते अर्धवट वाटतं. जवळचा दवाखाना आधी दूर हलवला आणि मग राज्याच्या सीमा आखताना हातचा गेला, तर माणसं देवऋष्याकडे जाणार नाहीत तर काय करतील?

यावर कोणी म्हणेल, ती जुनी मनोरुग्णालयं म्हणजे नुसते कोंडवाडे. गेली ते बरंच झालं. त्यात तथ्य आहे. पण त्यांच्या जागी गावाजवळ काही उभं राहिलं नाही, आणि आजची आशा नेमकी आजार जडण्याआधीच्या काळावर आहे. कॉलेजातला मुलगा रात्र रात्र जागतो, अंघोळ टाळतो, शेजारी आपल्याबद्दलच बोलतात असं म्हणतो, तो हा काळ. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा 10 जणांना 8 आठवडे ग्लायसीन हे अमिनो आम्ल दिलं. मेंदूतल्या ग्लुटामेटच्या एका ग्राहीला काम करायला ग्लायसीन लागतं, म्हणून ही कल्पना. मात्रा वजनाच्या दर किलोला 0.8 ग्रॅम, म्हणजे 50 किलोच्या मुलाने रोज 40 ग्रॅम गोडसर भुकटी घ्यायची. लक्षणं कमी झाली, 2013 मध्ये निष्कर्ष छापून आले. मात्र आजार आधीच जडलेल्या 157 रुग्णांवरच्या 2007 च्या चाचणीत ग्लायसीन औषधविरहित भुकटीपेक्षा सरस ठरलं नव्हतं.

मग सिद्ध न झालेल्या औषधाची उठाठेव हिंगोलीने कशाला करावी? औषधासाठी नव्हे, ते तपासताना त्याच माणसांवर लक्ष ठेवण्याच्या रीतीसाठी. अशी लक्षणं दिसणाऱ्या बहुतेकांना पुढे हा आजार होतच नाही. म्हणून त्यांना सरसकट जोरकस गोळ्या देणं अन्यायाचं, आणि दुर्लक्ष करणं धोक्याचं. उरतो एकच मार्ग: त्याच मुलाला जाणत्या माणसाने महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा पुन्हा पाहणं. हे काम नागपूरहून किंवा पुण्याहून होत नाही. त्यासाठी वसमत, कळमनुरी, सेनगावच्या सरकारी दवाखान्यात ठरल्या वारी तोच डॉक्टर भेटायला हवा.