जुना खेळ, नवा पडदा



आपल्या घरी माळ्यावर जुना टीव्ही गेम पडून असेल, तर या सुट्टीत तो खाली काढा आणि नव्या सपाट टीव्हीला जोडून पाहा. चित्र आडवे ताणलेले व पुसट दिसेल. बटण दाबल्यावर खेळाडू क्षणभर उशिरा उडी मारील. ‘यंत्र बिघडले’ असे म्हणून आपण ते भंगारवाल्यास देतो. वास्तविक पुष्कळदा यंत्र शाबूत असते, पडद्याची भाषा मात्र बदललेली असते. हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींत एखाद्याच बिऱ्हाडी टीव्ही असे आणि ‘छायागीत’ पाहण्यास सारा मजला दारात जमे. १९८२ साली, दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी, रंगीत चित्र आले. आपण त्यासाठी ‘पाल’ पद्धती स्वीकारली. तीत ६२५ रेषा आणि सेकंदास २५ चित्रे. जपान व अमेरिकेची ‘एनटीएससी’ पद्धती निराळी. तीत ५२५ रेषा आणि सेकंदास सुमारे ३० चित्रे. दोन्हींत प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत येई, एकदा विषम रेषा, मग सम.

त्या काळी परदेशी नोकरीस गेलेले आपले अनेक बांधव सुट्टीवर येताना अशा वस्तू आणीत. एनटीएससीचा गेम येथील टीव्हीला जोडला की चित्र काळेपांढरे होई आणि वर-खाली धावू लागे. मग पावले ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडकडे वळत. १९०३ ते १९०७ या काळात गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावाचा हा रस्ता, आजचा डॉ. भडकमकर मार्ग, सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. जाणकार मेकॅनिक ‘व्हर्टिकल होल्ड’चे बटण फिरवून चित्र स्थिर करी. रंगासाठी मात्र दोन्ही पद्धती जाणणारा संच लागे.

पुढे नव्वदच्या दशकात, जपानात १९८३ साली निघालेल्या निन्टेन्डोच्या ‘फॅमिली कॉम्प्युटर’च्या नकला येथे घरोघर पोहोचल्या. हे गेम एक युक्ती करीत. दोन हप्ते न पाठवता तेवढ्याच सुमारे २४० रेषा पुन्हा पुन्हा पाठवीत. जुन्या काचेच्या नळीत किरण रेषा ओढीत जाई, त्यामुळे तिची तक्रार नसे. नव्या पडद्यावर किरण नाही. आडवे १९२० आणि उभे १०८० असे ठरावीक ठिपके आहेत. तो आधी हिशेब करतो, मग चित्र मांडतो. २४० रेषा त्याला अर्धेच चित्र वाटते आणि तो दोन चित्रे एकमेकांत मिसळतो. पुसटपणा येतो तो यामुळे. हिशेबाला वेळ लागतो म्हणून उडी उशिरा. चारास तीन या मापाचे चित्र सोळास नऊच्या पडद्यावर पसरते, म्हणून ताण. बंदुकीचा खेळ तर बहुधा चालतच नाही. ती बंदूक ठरल्या क्षणी उमटणारा उजेड टिपते आणि नवा पडदा तो क्षण चुकवतो.

उपाय काय? प्रथम टीव्हीच्या मेनूत माप ४:३ करा व ‘गेम मोड’ लावा. एवढ्याने भागले नाही तर २४० रेषा ओळखणारा ‘स्केलर’ घ्या. तो प्रत्येक रेषा चौपट करतो. ९६० रेषा १०८० मध्ये नीट बसतात. स्वस्त कन्व्हर्टर अनेकदा टीव्हीचीच चूक करतात, तेव्हा विचारून घ्या. जुना काचेचा टीव्ही मात्र घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आत जोरदार वीज साठून राहते.

अकराव्या शतकात इब्न अल-हैथम यांनी वस्तूकडून येणारा प्रकाश डोळ्यात शिरतो म्हणून आपल्याला दिसते, हे मांडले आणि ऐकीव मतापेक्षा प्रयोगाने पारखण्यावर भर दिला. तोच इल्म येथेही लागू आहे. दोन्ही पद्धती हाताळलेले कारागीर आता वयस्क होत चालले आहेत. विद्यार्थी मित्रहो, वस्तू टाकण्यापूर्वी त्यांच्याजवळ घटकाभर बसा आणि विचारा. वस्तू कदाचित दुरुस्त होणार नाही, पण त्यांचा हुनर तरी त्यांच्याबरोबर जाणार नाही.