‘बोडक्या डोंगरावरील रात्र’ : ध्वनिमुद्रणे

रशियन संगीतकार मोदेस्त मुसोर्गस्की (१८३९–८१) याची वाद्यवृंदरचना. सेंट जॉनच्या सणाच्या आदल्या रात्री डोंगरावर भरणारा चेटकिणींचा मेळा हा तिचा विषय. जून १८६७ मध्ये ती पूर्ण झाली. पण रशियन संगीतकारांच्या राष्ट्रवादी गटाचा म्होरक्या मिली बालाकिरेव्ह याला ती रुचली नाही आणि मुसोर्गस्कीच्या हयातीत ती कधी वाजलीच नाही. १८८६ मध्ये संगीतकार निकोलाय रिम्स्की-कोर्साकोव्हने तिला नवे रूप दिले आणि हेच रूप जगभर गाजले. त्यातला पहाटेची घंटा वाजून सारे शांत होण्याचा शेवट मूळ १८६७ च्या संहितेत नाही.

त्यामुळे कोणतेही ध्वनिमुद्रण ऐकताना संहिता कोणती, हे आधी पाहावे लागते. शिकागो वाद्यवृंदासह फ्रिट्झ रायनर (१९५९) आणि लंडन सिम्फनी वाद्यवृंदासह गेऑर्ग शोल्टी (१९६६) या संवाहकांची गाजलेली मुद्रणे रिम्स्की-कोर्साकोव्हच्या रूपाची आहेत. संवाहक लिओपोल्ड स्टोकोव्स्कीने डिस्नेच्या ‘फँटेझिया’ (१९४०) या चित्रपटासाठी तिसरेच, स्वतःचे रूप सिद्ध केले. ते भडक आहे. पण चित्रपटाला शोभते.

मूळ संहिता १९६८ मध्ये छापली गेली. संवाहक क्लाउडिओ आबाडोने १९८० मध्ये लंडन सिम्फनीसह तिचे मुद्रण केले. या मूळ संहितेतील ओबडधोबड जोडण्या आणि अचानक बदलणारे स्वरसंवाद रिम्स्की-कोर्साकोव्हला दोष वाटले होते. आजच्या कानाला तेच अधिक धीट वाटतात.