फलाटावरचा निरोप

लिओ मॅकॅरी यांचा ‘मेक वे फॉर टुमारो’ हा १९३७ सालचा अमेरिकन चित्रपट पाहताना माझे डोळे भरून आले. महामंदीचा काळ. एका म्हाताऱ्या जोडप्याचं घर बँक ताब्यात घेते. पाच लेकरं, पण दोघांना एकत्र ठेवायला कुणाच्याच घरी जागा नाही. सामाजिक सुरक्षेचा कायदा तिथे १९३५ मध्ये झाला. दरमहा पेन्शन मात्र जानेवारी १९४० पासून मिळू लागली. चित्रपट त्या मधल्या वर्षांतला. शेवटी नवरा गाडीत बसतो, बायको फलाटावर उरते. आपण वृद्धाश्रमात जाणार, हे ती त्याला सांगत नाही. कायद्यानं भाकरी मिळते. पण ती खाताना समोर आपलं माणूस लागतंच.