विडीची छाट आणि चिरुटाची पारख

1966 साली आपल्या संसदेने विडी व सिगार कामगारांसाठी एक कायदा केला. ओढणाऱ्यांच्या जगात या दोन वस्तू कधी एका पंगतीला बसल्या नाहीत. सिगार, म्हणजे आमच्या आधीच्या पिढीचा चिरूट, हा दिवाणखान्यातला. विडी बांधावरची, नाक्यावरची, पाळी सुटल्यावर कारखान्याच्या फाटकाबाहेरची. पण वळणाऱ्या हातांकडून पाहिले तर दोघांचे कूळ एकच. पान निवडायचे, ओले करायचे, तंबाखू भरायची, वळायचे, तोंड मिटायचे, आणि मग कोणीतरी दुसऱ्याने ते हातात घेऊन ठरवायचे, की हे चांगले की वाईट. हे ठरविणे कसे होत आले आणि कोणाच्या पदरात त्याचे काय पडले, एवढीच आजची कथा आहे. ती सांगताना कोणी पेटवावी अशी आमची मुळीच इच्छा नाही. आम्ही स्वतः विडी सोडली त्यास वीस वर्षे झाली, आणि ती खोकल्याने सोडविली, विवेकाने नव्हे.

गेल्या हिवाळ्यात घाटकोपरच्या भटवाडीत आमच्या शेजारचा मुलगा बोटीवरून सुटीस आला. त्याने आम्हांस एक हवानाचा चिरूट आणून दिला. कामगारांसाठी भांडणाऱ्या माणसाला चिरूट द्यावा, हा त्याचा विनोद असावा. त्याच आठवड्यात सिन्नरहून आमची मावशी डोळे दाखवावयास आली होती. तिने उभे आयुष्य विड्या वळल्या. म्हणजे घरात वस्तूही आली आणि परीक्षकही आला.

चिरूट पारखण्याची रीत आम्ही पुस्तकातून वाचून ठेवली होती. प्रथम बोटांनी हलके दाबून पाहावे. कोठे दगडासारखा लागतो की कोठे पोकळ, ते कळते. बाहेरचे पान तुकतुकीत असावे, त्याच्या शिरा जाड नसाव्यात. मग वास घ्यावा. डोक्याकडची टोपी जेमतेम कापावी, आणि न पेटवताच एक झुरका ओढून हवा मोकळी येते की नाही ते पाहावे. पेटवताना ज्योत टेकवायची नाही, दुरून शेकायचे. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडातच घोळवून सोडायचा. मिनिटाला एक झुरका पुरे. राख लांबवर टिकली आणि कडा सारखी जळत गेली, तर वळणाऱ्याचा हात चांगला. शेवटच्या तिसऱ्या भागात धूर कडू व गरम होतो. तेव्हा तो चुरडू नये, ठेवून द्यावा, आपण विझतो. अशा चिरुटाला हवेत शेकडा 65 ते 70 दमटपणा लागतो म्हणतात. आमच्या मुंबईत आषाढात तो याच्या कितीतरी वर जातो; चिरूट फुगतो, बुरशी धरतो. विडीचे उलट आहे. तिला कोरडेपणा हवा. म्हणून बंडले कोळशाच्या धगीवर शेकतात, आणि पावसाळ्यात ती सादळली की गिऱ्हाईक फिरकत नाही.

हे सर्व आम्ही मावशीस वाचून दाखविले. तिने ऐकून घेतले, चिरूट चष्म्याजवळ नेला, मग चष्मा काढून बाजूस ठेवला आणि डोळे मिटून तो अंगठा व दोन बोटे यांमध्ये फिरविला. म्हणाली, "अरे, इथं गाठ हाये. टोकापासून दोन बोटं. इथं वाकडा जळंल."

आम्हांस ते पटले नाही. एवढी किंमत मोजून घेतलेली वस्तू. हजार विड्यांच्या मजुरीच्या अनेक पट तिचा दाम!

इतिहासात तंबाखूची अशी पहिली मोठी परीक्षा आपल्याच दक्षिणेतल्या मालावर झाली. 1492 साली कोलंबसच्या माणसांनी क्यूबात पानांच्या वळकट्या पेटवून धूर घेणारे लोक पाहिले, आणि पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती वनस्पती आपल्या किनाऱ्यास लागली. अकबराचा वकील असदबेग विजापुरास आदिलशहाकडे गेला असता त्याने तेथे तंबाखू पाहिली, आणि 1604 च्या सुमारास रत्ने जडविलेली नळी करून ती आग्र्यास नेली. बादशहाने दोन तीन झुरके घेतले. हकीम आडवा आला: आमच्या ग्रंथांत हे नाही, न पारखलेली वस्तू पोटात घेऊ नये. असदबेगाचा युक्तिवाद असा, की फिरंगी लोक एवढे मूर्ख नाहीत. ग्रंथात नाही म्हणून एखादी गोष्ट टाकू नये, असे बादशहा म्हणाला खरे, पण स्वतः मात्र ती पुढे घेतली नाही. सरदारांनी घेतली. जहांगिराने 1617 मध्ये मनाई केली, तोवर उशीर झाला होता. हकिमाची बाजू खरी होती हे आज आपण जाणतो; पण दरबारात तो हरला.

वळलेला चिरूट आपल्याकडे रुजला तो तमिळ मुलखात, तिरुचिरापल्ली व दिंडिगल या बाजूस. 'चिरूट' हा शब्दच तमिळ 'सुरुट्टु' वरून आला, म्हणजे वळकटी. 1887 साली निघालेल्या 'ए स्टडी इन स्कार्लेट' या पहिल्याच कथेत शेरलॉक होम्स फरशीवरची राख पाहून ती त्रिचनापल्लीच्या चिरुटाची म्हणून ओळखतो. राखेवरून वस्तू ओळखणारा तो एकटाच नव्हे, हे आम्हांस मावशीमुळे ठाऊक आहे.

क्यूबातल्या चिरूट कामगारांची एक गोष्ट आम्ही रात्रशाळेतल्या इंग्रजीवर अडखळत वाचली, आणि ती वाचून त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. 1865 साली हवानाच्या एल फिगारो कारखान्यात कामगारांनी एक वाचक बसविला. शेकडो माणसे वळत बसलेली, आणि उंच जागी बसून एकजण वर्तमानपत्र वाचतो आहे, कादंबरी वाचतो आहे. त्याचा पगार मालक देत नसे. वळणारे आपल्या मजुरीतून देत. दुसऱ्याच वर्षी सरकारने त्यावर बंदी घातली, यावरून वाचनाचा परिणाम काय होत होता ते उघड आहे. प्रथा तरीही पुन्हा उभी राहिली. ड्यूमाच्या कादंबरीतल्या काउंटवरून 'माँटेक्रिस्टो' हे चिरुटाचे नाव 1935 मध्ये पडले, ते याच वाचनामुळे असे सांगतात. न्यूयॉर्कमध्ये सॅम्युएल गाँपर्स हा चिरूट वळणारा कामगारच होता. तेथे एकजण वाचू लागला की त्याच्या वाट्याचे चिरूट बाकीचे वळून देत. हाच गाँपर्स 1886 साली अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरचा अध्यक्ष झाला. फ्लोरिडातल्या टँपा येथे मालकांनी 1931 मध्ये वाचक काढून टाकले, तेव्हा कामगारांनी काम बंद पाडले.

आमच्या आईच्या ओट्यावर वाचणारे कोणी नव्हते. पाने रात्री भिजत घालायची, सकाळी ओल्या फडक्यातून काढून पत्र्याच्या मापावर कातरीने कापायची, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, दोऱ्याचे गुंडे. विडीत तंबाखू पाव ग्रॅमच्या आतबाहेर. मावशी आणि आई समोरासमोर बसत, आणि आम्ही पोरे तोंडे मिटण्यास. पंचवीस विड्यांचे बंडल. विडीचे पान टेंभुर्णीचे. आपल्या पश्चिमेकडे पूर्वी आपट्याचेही वापरीत. दसऱ्याला ज्याचे सोने करून वाटायचे, त्याच पानाचा धूर!

संध्याकाळी माल घेऊन जायचे, आणि तेथे ती पारख होई जिला सर्व विडीमुलखात 'छाट' म्हणतात. तपासणारा बंडल हातात घेई, एक विडी उपसून दाबून बघे, आणि बाजूस टाकी. हिचे तोंड उघडे, हिचा दोरा सैल, ही बारीक. हजारातल्या कधी साठ जात, कधी शंभर. पान निकृष्ट दिलेले असले तरी दोष वळणारीचा. मजुरी हजारावर; छाटेची मजुरी नाही. आणि छाटलेल्या विड्या परतही मिळत नसत. त्या कोठे जातात, असे आम्ही दहा वर्षांचे असताना आईस विचारले होते. तिने आमच्या पाठीत धपाटा घातला. त्या विड्या कोणीतरी पैसे देऊन ओढीत असे, हे समजावयास आम्हांस फार वर्षे लागली नाहीत. तो कारखाना कोणता, हे सांगण्यात अर्थ नाही. पुढे ज्या ज्या गावी गेलो तेथे हीच तक्रार ऐकली.

सरकारला हे ठाऊक नव्हते असे नाही. 1931 च्या रॉयल कमिशनने विडीच्या कोंदट खोल्या आणि त्यांत राबणारी लहान मुले यांविषयी लिहिले आहे. रेगे समितीच्या वतीने 1946 मध्ये विडी, चिरूट व सिगारेट धंद्यांवर स्वतंत्र अहवालच निघाला. प्रश्न अडला तो न्यायालयात, आणि अडला तो या छाटेवरच. नागपूरच्या एका कारखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणाले, की खराब विडी नाकारण्याचा हक्क मालकास आहे, म्हणजे कामावर त्याचे नियंत्रण आहे. तेव्हा हे कामगारच होत. पुढे 1961 च्या ऑक्टोबरात सिन्नरच्या एका कारखान्याचा निकाल लागला. तेथे बहुमत असे झाले, की दिवसाच्या शेवटी माल तपासणे म्हणजे कामावर देखरेख नव्हे. म्हणून विडी वळणारा हा कारखाना कायद्याखालचा कामगार नाही, त्याला भरपगारी रजा नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळे मत नोंदविले. एकच छाट, नागपुरात ती माणसास कामगार ठरविते, सिन्नरात ठरवीत नाही!

या गोंधळातून 1966 चा कायदा आला. त्यात घरी बसून वळणारीही कामगार ठरली, आणि नाकारलेल्या मालाचा तंटा कोणी सोडवावा याचीही तरतूद झाली. महाराष्ट्राने 1968 मध्ये नियम केले. सर्वसाधारणपणे शेकडा 5 पेक्षा जास्त विड्या छाटता येणार नाहीत, आणि वळणाऱ्याने जाणूनबुजून हयगय केलेली नसेल तर छाटेचीही निम्मी मजुरी द्यावयाची. मालकवर्ग सर्वोच्च न्यायालयात गेला. 1974 मध्ये कायदा टिकला.

म्हणजे आमची आई छाट सोसून घरी येत होती, तेव्हा हा नियम दहा वर्षांचा जुना होता. साठ विड्यांतल्या दहा तर छाटताच येत नव्हत्या, आणि उरलेल्या पन्नासांचे निम्मे पैसे तिचे होते. आम्ही तो नियम वाचला तो वयाच्या तिसाव्या वर्षी, मुलुंडच्या एका बंद पडलेल्या कारखान्याची देणी शोधताना, भलत्याच पुस्तकात. आई तेव्हा नव्हती. तिला तो कोणीच वाचून दाखविला नाही.

वाचक नसला की काय होते ते एवढे. जेथे सांगणारे पोहोचले तेथे चित्र निराळे आहे. निपाणीच्या वखारीत तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या बाया 1980 च्या आसपास प्रा. सुभाष जोशी यांच्याबरोबर संघटित झाल्या. त्यांच्यावर युगांतर या स्त्रियांच्या गटाने 1982 मध्ये चित्रपट काढला. सोलापूरच्या विडी वळणाऱ्या बायांनी तर नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने कुंभारीस गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी केली. छाट मात्र दोन्हीकडे ऐकू येते.

तर, चिरुटाकडे परत येऊ. रविवारी संध्याकाळी शेजारच्या मुलाने तो आमच्या गच्चीत विधिपूर्वक पेटविला. पहिला भाग उत्तम गेला. धूर मऊ, किंचित लाकडासारखा, शेवटी मिऱ्याची झाक. आम्हीही एक झुरका तोंडात घोळविला, पाप कबूल. राख अंगठ्याएवढी टिकली. आणि मग टोकापासून दोन बोटांवर येताच कड एका बाजूने पळू लागली, दुसरी बाजू काळी राहिली, आणि तो विझला. पुन्हा पेटविला, पुन्हा वाकडाच जळाला. त्याने नखाने पान सोडविले, तर आत तंबाखूचा एक देठ आडवा पिळलेला.

मावशी हसली नाही. "छाटीत गेला असता," एवढेच म्हणाली. मग तो देठ हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली आणि तिने आम्हांस विचारले, "ह्यो वळणाऱ्याचं पैसं कापलं असतील का रं?"

आम्ही म्हटले, "मावशी, तपासणाऱ्याच्या हाती लागलाच नाही हा; सुटला म्हणून तर इथवर आला."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि देठ कुंडीत टाकून आत भात टाकावयास गेली.