गमशू: तळव्यावरून पडलेले नाव

पावसाळ्यात नाला उपसणाऱ्या कामगाराच्या पायात गुडघ्याएवढे काळे गमबूट असतात. चिखलातून पाय काढला की ते ‘फचक्’ करून वाजतात. अमेरिकन बोलीत गुप्तहेराला ‘गमशू’ म्हणतात, त्यातला ‘गम’ हाच. पण तिथे महत्त्व आहे ते न वाजण्याला.

‘गम’ म्हणजे इथे डिंक नव्हे आणि च्युइंगगम तर नव्हेच. रबराच्या झाडाचा चीक. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होई, थंडीत तडकत असे. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला ते गंधकासोबत तापवून पक्के करण्याची युक्ती सापडली, १८४४ मध्ये त्याने पेटंट घेतले. रबरी पादत्राणांना ‘गमशू’ हे नाव १८६०च्या दशकात रूढ झालेले दिसते. तेव्हा ते फक्त वस्तूचे नाव होते. कातडी तळाचा बूट लाकडी जिन्यावर टकटक वाजतो, रबरी तळाचा वाजत नाही. ‘स्नीकर’ हे नावही याच गुणावरून पडले. ‘स्नीक’ म्हणजे गुपचूप सटकणे.

बुटाचे नाव माणसाला कसे लागले? आपल्या साहित्यशास्त्रात याला लक्षणा म्हणतात. ‘भाले आत शिरले’ म्हटले की भालेवाले आत शिरले असे आपण समजतो; साहित्यशास्त्रकार मम्मटाने दिलेले हे उदाहरण पाठ आहे. पण गमशूच्या बाबतीत एवढ्यावर भागत नाही, असे मला वाटते. मिसूरीचे गव्हर्नर आणि पुढे सिनेटर झालेले विल्यम स्टोन यांना लोक ‘गमशू बिल’ म्हणत. ते गुप्तहेर नव्हते. पडद्याआड राहून राजकारण खेळण्याबद्दल हे टोपणनाव पडले होते. म्हणजे बूट आणि हेर यांच्यामध्ये ‘चाहूल न देता वागणे’ ही एक पायरी आहे. हेर हा अर्थ विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आला. सगळे हेर रबरी बूटच घालत होते की काय, हा प्रश्न मग गौण ठरतो.

गस्तीच्या पोलिसाला त्याच बोलीत ‘फ्लॅटफूट’, म्हणजे सपाट तळव्याचा, म्हणतात. तोही शब्द पायाचाच. मराठीने मात्र हेराला हेरणाऱ्या डोळ्यांवरून ओळखले; आपल्याकडे ‘चोरपावलांनी’ चालायचे ते चोराने.